पाण्याआधीची अट

आमच्या गावात पाण्याची टाकी आधी आली, पाणी खूप मागाहून. सरकारी पैसा हप्त्याहप्त्याने येतो आणि प्रत्येक हप्त्याच्या दारात एक अट बसलेली असते. पहिल्या हप्त्यात धरणाच्या काठावर विहीर खोदली गेली आणि गावात शाळेमागे टाकी उभी राहिली. दोन्हींच्या मध्ये जो पाईप टाकायचा, त्याचा हप्ता अडला. गाव आधी हागणदारीमुक्त झालं पाहिजे, अशी अट होती. एकही माणूस उघड्यावर बसलेला दिसता कामा नये, तपासणीचं पथक येऊन तसं लिहून देईल, मगच पुढचे पैसे सुटतील. म्हणजे संडासात ओतायला पाणी हवं असेल तर आधी पाण्यावाचून संडास वापरून दाखवा. हे ज्याने लिहिलं त्याच्या घरी चोवीस तास नळ असणार, हे मी आजही पैजेवर सांगते.

धरण लांब नव्हतं. टेकडीवर चढलं की दिसायचं. त्यातलं पाणी आमच्याच शिवारातून, जमिनीखालून, तालुक्याला जायचं आणि आम्ही टँकरची वाट बघत बसायचो. टँकर तिसऱ्या-चौथ्या दिवशी यायचा. टँकरवाले चाचा धामणगाव बढेचे. गावातल्या जुन्या विहिरीत पाईप सोडून ते लांब बाभळीखाली जाऊन उभे राहायचे, कारण नंतर विहिरीवर जे चालायचं ते त्यांना बघवत नसे. मी स्वतः तिथे एका बाईच्या हाताला चावले आहे. खोटं कशाला सांगू.

पाण्याच्या समितीत निम्म्या बाया हव्यात, हीसुद्धा अटच. मी चिखलीची, बारावी पास. सरपंचांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, नवऱ्याने मला सांगितलं आणि मी गावच्या पाणीपुरवठा समितीची सचिव झाले. सुरुवातीला नुसत्या सह्या केल्या. मग त्या कामाची चव लागली. ग्रामसेवक मला मॅडम म्हणायचे. घरात मला कोणी नावानेही हाक मारत नव्हतं, 'काय वो' आणि 'ऐकलं काय' यावर बारा वर्षं निघाली होती. तो मॅडम शब्द माझ्या डोक्यात गेला.

शेजारच्या घरात माझ्या नवऱ्याची थोरली चुलती राहायची. सगळे तिला मोठीमाय म्हणत. नवरा जाऊन खूप वर्षं झालेली, एकुलती लेक जालन्याकडे दिलेली, घरात एकटी. तोंडावर मी तिला तुम्ही म्हणायचे, मनात मात्र ती कायम 'ती'च होती. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तिनेच मला उठवलं. चिखलीला आमच्या घरी संडास होता. इथे नाही, हे लग्न ठरवताना कोणी सांगितलं नव्हतं. मला रडूच फुटलं. मोठीमायने माझ्या हातात डबा दिला.

"चाल वो पोरी," ती म्हणाली. "रडाचं तं तिकडंच रडजो. इथं सासू ऐकन."

आमच्याकडे बाया एकट्या जात नाहीत. प्रत्येकीची जोडीदारीण ठरलेली असते. एकीने बसायचं, दुसरीने पाठ करून रस्त्याकडे लक्ष ठेवायचं, पुरुष येताना दिसला की खाकरायचं. नव्या सुनेला सासरचं सगळं खरंखुरं तिथेच कळतं. माझी जोडी मोठीमायशी होती. नाल्याच्या पलीकडे तिचं स्वतःचं दोन एकर शेत होतं, त्याच्या बांधाला बोराटीचं दाट झुडूप होतं आणि त्याच्या मागे बसलेली बाई कुठूनच दिसत नसे. ही जागा तिने गावात कोणाला सांगितली नव्हती, मला दिली. दोन्ही खेपेला दिवस भरत आले तेव्हा मला बसलं की उठता येईना, तर ती काखेत हात घालून मला उभी करायची. माझ्या आईनेही माझं एवढं केलेलं नाही.

पुढे अनुदानातून घरोघरी संडास आले. मोठीमायकडेही आला, पांढऱ्या फरशीचा, लोखंडी दाराचा. तिच्या घराचं दार म्हणजे नुसत्या फळ्या. बाहेर ठेवलेलं पाणी चोरीला जायचं, अगदी हंड्यासकट. आता तिच्याकडे कडीकुलपाची एक खोली झाली. तिने संडासाच्या भांड्यावर फळी टाकली, पाण्याचे दोन ड्रम आत ठेवले आणि दाराला कुलूप घातलं.

"अवो मोठीमाय, पिण्याचं पाणी संडासात?" मी विचारलं.

"मंग काय झालं? कोनी वापरला थोडीच. कोरा हाय. गावात याच्याऊन सोवळी जागा दाखव मले." मग मला समजावून सांगावं तशी म्हणाली, "एका टायमाले बादलीभर पानी पायजे याले. तेवढ्यात माहे दोन दिवस निघते. पेऊ का याच्यात ओतू, तूच सांग."

तिचं काही चुकत नव्हतं. पण मी तेव्हा सचिव होते.

प्रत्येक संडासाचा फोटो वर पाठवायचा होता. दार उघडं, फरशी ओली, आत बादली आणि टमरेल, शेजारी घरमालक. संडास वापरात आहे असं दिसलं पाहिजे, कोरड्या फरशीचा फोटो परत येतो, असं ग्रामसेवक सांगायचे. मी ग्रामपंचायतीच्या शिपायाला घेऊन मोठीमायकडे गेले. ड्रम बाहेर काढायला लावले, फळी उचलली आणि तिच्याच ड्रममधल्या तीन बादल्या माझ्या हाताने आत ओतल्या. एक पुरली असती. दुसरी आणि तिसरी का ओतली ते मला नीट माहीत आहे. शिपाई बघत होता आणि सचिवबाई नातं बघत नाहीत, हे गावभर पसरावं असं मला वाटत होतं. टँकर आदल्याच दिवशी येऊन गेला होता. पाणी गुडगुडत खाली गेलं, तिकडे बघत मोठीमाय उभी राहिली. फोटोत ती तशीच आली आहे. बघणाऱ्याला वाटतं, नवा संडास बघून म्हातारी हरखून गेली.

मग बोंडअळीचं साल आलं. कापसाचं बीटी बियाणं आल्यापासून आमच्याकडचे लोक बोंडअळीची भीती विसरले होते. बीटीला ती लागतच नाही, असं बियाण्याच्या दुकानदारानेच सांगितलेलं. त्या वर्षी बोंडं वरून हिरवीगार, भरलेली, आणि फोडली की आत गुलाबी अळी. कापूस खामगावला न्यायच्या लायकीचा राहिला नाही. कृषी खात्याची माणसं सांगत फिरली की पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची झाडं, उपटा, शेतं मोकळी करा, म्हणजे पुढच्या साली अळी येणार नाही. एरवी पऱ्हाटी होळीपर्यंत उभी असते, लोक उरलासुरला कापूस वेचत राहतात. त्या वर्षी डिसेंबरातच ट्रॅक्टर फिरले आणि शिवार सपाट झालं. पुरुष कापसाला रडत होते. बायांचं रडणं वेगळं होतं आणि ते ग्रामसभेत कोणी बोललं नाही. छातीएवढी पऱ्हाटी गेली, म्हणजे आडोसा गेला.

नेमकं तेव्हाच गावाचं स्वतःचं पथक सुरू झालं. त्याला गुडमॉर्निंग पथक म्हणायचे. ग्रामसेवक, शिपाई, अंगणवाडीच्या ताई आणि मी. पहाटे निघायचं, कोणी बसलेला सापडला की शिट्टी वाजवायची, त्याच्या गळ्यात झेंडूचा हार घालायचा, फोटो काढायचा आणि तालुक्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा. शिट्टी माझ्याकडे असायची. मला ती वाजवायला आवडायची, हेही कबूल करून टाकते. बारा वर्षं ज्या पुरुषांसमोरून मी डोक्यावरचा पदर सावरत, भिंतीच्या कडेकडेने गेले, ते माझी शिट्टी ऐकून धोतर सावरत पळायचे. घरी येऊन मी चहा पिताना एकटीच हसायचे.

अंगणवाडीच्या ताई गावाच्या खालच्या अंगाला, बौद्ध वस्तीत राहायच्या. एक दिवस त्यांनी विचारलं, "मॅडम, आपन रोज पयले आमच्याच वस्तीच्या बाजूनं काऊन जातो?"

तिकडून रस्ता सुरू होतो म्हणून, असं मी सांगितलं. ताईंनी पुन्हा विचारलं नाही. त्यांचं मानधन ज्या कार्यालयातून यायचं तिथूनच पथकाचा आदेशही आला होता.

पंधरा दिवसांत लोक शहाणे झाले. तरणे मोटरसायकलवर बसून लांबच्या खदानीत जायला लागले, बाया अंधार पडेपर्यंत कळ काढायला लागल्या. आम्हाला कोणी सापडेना. कोणालाही वाटेल, झालं, गाव सुधारलं. पण ज्या दिवशी फोटो जायचा नाही त्या दिवशी तालुक्याहून फोन यायचा. तुमचं पथक झोपलं का? शेजारच्या गावाचे तर रोज फोटो येतात. पथक काम करतं हे दाखवायला बसलेला माणूस हवा आणि गाव मुक्त झालं हे दाखवायला तो नको, अशी पंचाईत. तपासणी तोंडावर आली होती. ग्रामसेवक काकुळतीला आले.

"मॅडम, एक तरी पाहिजे हो. एकच, शेवटचा. मग लिहून टाकू की आता कोणी उरलं नाही."

त्या दिवशीही सगळा फेरा मारून आम्ही रिकाम्या हाताने परतत होतो. उजाडत आलं होतं. हार शिपायाच्या हातात तसाच लोंबत होता. मला कोणी काही विचारलं नव्हतं. मी आपणहून म्हणाले, "नाल्याच्या पलीकडं पाहू."

पलीकडे बसण्याजोगी जागा आहे, हे पथकात दुसऱ्या कोणालाच माहीत नव्हतं. तिथे कोण असेल, हे मला पक्कं माहीत होतं.

मी पथकात गेल्यापासून मोठीमाय एकटीच जायची. पाठ करून उभं राहायला तिला कोणी नव्हतं. शेत मोकळं झालेलं, बांधावरची बोराटीसुद्धा कोणी तरी कुंपणाला तोडून नेलेली. ती उघड्या बांधावर आमच्याकडे पाठ करून बसली होती. मी शिट्टी वाजवली. इतक्या जवळून वाजवली की ती पुढे हातांवर पडली. मग उठली, लुगडं सारखं केलं आणि वळली.

"तू होय," म्हणाली. "मले वाटलं कोन मानूस आला."

तिचा जीव भांड्यात पडला होता. मला बघून. मग तिला माझ्या मागचे दोन पुरुष दिसले आणि हार दिसला. हार घालायचं काम सचिवाचं असायचं. तिने मान खाली केली, मी हार घातला. ग्रामसेवक म्हणाले, "आजी, तोंड इकडं करा." तिने केलं. ताई बांधावरून केव्हा निघून गेल्या ते मला कळलंही नाही. त्यानंतर त्या पथकात आल्या नाहीत.

दुपारपर्यंत तो फोटो गावातल्या प्रत्येक मोबाईलवर होता. खाली हसणारी तोंडं, टाळ्या, तालुक्याच्या साहेबांचा वर केलेला अंगठा. नियमाप्रमाणे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नाव लिहायचं होतं, तेही मीच लिहिलं. तिचं पूर्ण नाव मला त्या दिवशी रेशनकार्डावरून पहिल्यांदा कळलं. बारा वर्षांत कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं.

त्या दिवसापासून ती मला सचिवबाई म्हणायला लागली, आणि तुम्ही. टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर मी भांडले असते, भांडण मला जमतं. शाळेच्या मास्तरांशी बोलावं तशी ती माझ्याशी अदबीने बोलायची.

आणि तिने पाणी सोडलं. हे मला उशिरा कळलं, किंवा कळलेलं मी उशिरा मान्य केलं. माझी सासू एकदा म्हणाली होती, "बुढी पानी पेत नाई वो, भाकरही अर्धीच खाते." मी म्हटलं, कसला तरी उपास असेल. पोटात काही गेलं नाही की बाहेर जावं लागत नाही, हे तिने शोधून काढलं होतं. संडासाला पाणी लागतं आणि टँकरचं पाणी पुरत नाही. तिने पिणंच थांबवून दोन्ही अडचणी मिटवल्या. असंच काही समितीच्या बैठकीत कोणी सुचवलं असतं तर आम्ही कदाचित ठरावही केला असता.

मार्चच्या उन्हात ती ओट्यावर कोसळली. गावात त्या वेळी टँकरशिवाय दुसरी गाडी नव्हती. चाचांनी तिला केबिनमध्ये आडवं केलं, "बुढी माँ, आँख खुली रखो" असं वाटेत सारखं म्हणत राहिले, आणि आम्ही तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात पोचलो. सलाइन लागलं. दोन बाटल्या गेल्यावर ती डोळे उघडून बोलायला लागली. डॉक्टर तरुण होते. तिच्या हाताची कातडी चिमटीत धरून बघत म्हणाले, "आजी, पाणी पीत नाही का तुम्ही? मूत्रपिंडं जातील अशाने."

मोठीमायने माझ्याकडे बघितलं. आता सांगणार, असं मला वाटलं.

"गावात पानी नाई बापा," ती म्हणाली. "टँकर येते चौथ्या दिशी."

तेवढ्यात ग्रामसेवकांचा फोन आला. तपासणीचं पथक उद्या येतंय, दोन दिवस मुक्काम, पहाटे शिवारात फिरणार. मी फोन ठेवला आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की बरं झालं, ती इथे आहे. शब्दाशब्दाने असाच आला. मी डॉक्टरांच्या मागे गेले.

"यांना अजून दोन-तीन दिवस ठेवता येईल का?"

"उद्यापर्यंत बऱ्या होतील त्या."

"तरी ठेवा ना. घरी एकट्या असतात, कोणी बघायला नसतं."

डॉक्टरांना मी गुणी सून वाटले, तसं ते म्हणालेही. बघतो, म्हणाले. मोठीमायची खाट तिथून दोन पावलांवर होती. तिने डोळे मिटलेले होते. ती झोपलेली नव्हती.

तपासणी छान झाली. मी तिचे ड्रम आमच्या घरी हलवून ठेवले होते, फरशी ओली केली होती, पथकातल्या एका बाईंनी नेमका तोच संडास उघडून बघितला आणि माझी पाठ थोपटली. शिवारात दोन्ही दिवस त्यांना कोणी दिसलं नाही. प्रमाणपत्र मिळालं, हप्ता सुटला, पाईप पडला. आणि पाणी आलं. सगळं फुकट गेलं असं मी सांगेन, असं कोणाला वाटत असेल तर तसं झालेलं नाही. धरणात असतं तेव्हा एक दिवसाआड येतं, नसतं तेव्हा आठवड्याने येतं, पण येतं. विहिरीवरची मारामारी थांबली. चाचांनी टँकर विकून टाकला. मी ते पाणी रोज पिते. काहीच मिळालं नसतं तर सरकारच्या नावाने बोटं मोडून मोकळी झाले असते. तसं करता येत नाही, म्हणून आतून जळते.

पथक गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिला आणायला गेले. सोबत पेढे घेतले होते, सरपंचांनी वाटलेले. खाटेवर दुसरीच कोणी बाई होती. नर्स म्हणाली, "त्या आजींना परवाच सोडलं की." परवा सोडलं तर गावात आली नाही, लेकीला फोन केला तर तिकडेही नाही. मी आवारात शोधलं, औषधांच्या खिडकीपाशी शोधलं, मग रस्त्यावर आले.

ती समोरच्या एसटीच्या थांब्यावर बसली होती. मांडीवर कापडी पिशवी, पाय वर घेतलेले. शेजारचा चहावाला मला बघून म्हणाला, "तुमची हाय काय बुढी? दोन दिवस झाले इथंच हाय. गाडी येते, जाते, चढतच नाई. झोपाले दवाखान्याच्या व्हरांड्यात जाते."

मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. मला तिचे पाय धरायचे होते आणि रस्त्यावर लोक होते, म्हणून मी धरले नाहीत.

"सुट्टी तं तवाच झाली होती," ती म्हणाली. "मंग म्हटलं, तुमचे सायेब गेले का नाई, मले काय ठाऊक. तुमचं काम माह्यापायी नको बिघडाले. गेले काय?"

"गेले."

"झालं काम?"

"झालं."

तिने पिशवी हातात घेतली, पण जागची हलली नाही. खाली बघूनच तिने विचारलं, "मंग आता येऊ काय मी गावात?"

मी या म्हटलं, तेव्हा ती उठली.